खांबाआडचा गोल

गोल झाला तेव्हा मला चेंडू दिसला नाही. गोलपोस्ट दिसली नाही, गोलकीपरही नाही. माझ्यासमोर एक लोखंडी खांब होता आणि त्याने नेमकी तेवढीच बाजू झाकली होती.

तक्रार नाही. या जागेवरून मैदान पूर्ण दिसणार नाही, हे तिकिटावर छापलेलंच होतं. लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्क मैदानाचा तो शेवटचा हंगाम. एव्हर्टन हा फुटबॉल संघ 1892 पासून तिथे खेळत होता आणि पुढच्या वर्षी नदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये जाणार होता. अशा हंगामात बाहेरून आलेल्या माणसाला एक तिकीट मिळतंय म्हटल्यावर खांब असो नाहीतर भिंत, मी घेतलं असतं. तारीख 4 डिसेंबर 2024, बुधवारची रात्र, समोर वुल्व्हरहॅम्प्टन, म्हणजे वुल्व्ह्ज. सामना सुरू होऊन दहाच मिनिटं झाली होती आणि एव्हर्टनला फ्री किक मिळाली. चेंडूमागे अ‍ॅशली यंग उभा, वय 39. तो धावत निघाला एवढं दिसलं आणि पुढचं सगळं खांबाआड गेलं.

मग मी ऐकलं. आधी हजारो माणसांनी एकदम श्वास रोखला. अर्धा क्षण काहीच नाही. त्यानंतर समोरच्या स्टँडमधून आवाज उठला, तो मैदान ओलांडून आमच्यापर्यंत यायच्या आत आमचा स्टँड उठला, आणि पायाखालची लाकडी फळी थरथरायला लागली. आवाज मला कानांआधी तळपायांत कळला. शेजारच्या आजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता.

स्पीकरवरून गोल करणाऱ्याचं नाव तेवढं आलं. बाकी सगळा आवाज माणसांचा. हे मुद्दाम लिहितोय, कारण चारच दिवसांपूर्वी मी लंडनमध्ये नेमका उलटा अनुभव घेऊन आलो होतो.

लंडनला आम्ही पाच दिवस होतो. संग्रहालयं, पूल, पाऊस, सगळं छान झालं. पण एका संध्याकाळी मी हौसेने एका नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये सामना पाहायला गेलो. नाव सांगत नाही. खुर्ची रुंद, स्वच्छतागृह चकचकीत, कुठूनही बघा, मैदान पूर्ण दिसतं. पण सामन्याच्या तासभर आधीपासून स्पीकर जो सुरू झाला तो थांबेचना. एका कोपऱ्यात पन्नासेक पोरांनी गाणं धरायचा प्रयत्न केला. पहिली ओळ संपायच्या आत वरून दुसरंच गाणं कोसळलं. त्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा जाहिरात आली. तिसऱ्या वेळी ती पोरं गप्प बसली आणि मोबाइल बघू लागली. मग सामन्यात गोल झाला. लोक उठले, ओरडले, त्या ओरडण्याला काही आकार येतोय न येतोय तोच स्पीकरमधून ठेका धरलेलं गाणं, पडद्यावर आग, आणि सगळे त्या गाण्यावर टाळ्या वाजवायला लागले. मला खरोखर राग आला. गोल झाल्यानंतरची ती दहा सेकंदं माणसांची असतात. वर्षानुवर्षं पैसे मोजून, थंडीत उभं राहून ती मिळवलेली असतात. त्यांवर दुसऱ्या कुणाचा आवाज ओतायचा अधिकार कुणालाच नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मी एव्हर्टनचा का, हे सांगायला हवं, कारण लोक हमखास विचारतात. 19 ऑक्टोबर 2002. हॉस्टेलचा टीव्ही, चित्रात मुंग्या. आर्सेनल तीस लीग सामने हरलेला नव्हता. सामना संपता संपता वेन रूनी नावाच्या पोराने लांबून चेंडू असा वळवून मारला की तो क्रॉसबारला चाटून आत गेला. सतरावं वर्ष पूर्ण व्हायला त्याला पाच दिवस बाकी होते. मी त्या रात्री एव्हर्टनचा झालो. दोन वर्षांत रूनी मँचेस्टर युनायटेडला गेला, मी राहिलो. त्यानंतर संघाने मला फारसं काही दिलेलं नाही, पण त्याचा हिशेब मी कधी मांडला नाही.

लिव्हरपूलमध्ये उतरल्यावर बुधवारी दुपारीच मी चालत निघालो. अ‍ॅनफिल्डपासून, म्हणजे लिव्हरपूल संघाच्या मैदानापासून, गुडिसन मैलभरही नाही, मध्ये फक्त स्टॅन्ली पार्क. मुळात अ‍ॅनफिल्ड एव्हर्टनचंच. 1884 पासून ते तिथे खेळायचे. 1892 मध्ये भाड्यावरून मैदानाचा मालक जॉन हाउल्डिंगशी बिनसलं, एव्हर्टन पार्कच्या पलीकडे गेला आणि रिकाम्या मैदानासाठी हाउल्डिंगने नवा संघ काढला, तो लिव्हरपूल. भाऊबंदकीत एकाच वाड्याचे दोन वाडे व्हावेत तसं हे प्रकरण.

अ‍ॅनफिल्डला हिल्सबरो दुर्घटनेचं स्मारक आहे. 97 नावं. 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात, जाळीच्या कुंपणांत चेंगरून गेलेली लिव्हरपूलची माणसं. मी एव्हर्टनचा निळा स्कार्फ काढून पिशवीत ठेवणार होतो. पण तिथे आधीच कुणीतरी लिव्हरपूलच्या लाल हारांमध्ये एक निळा स्कार्फ बांधून ठेवला होता. मी माझा गळ्यातच राहू दिला आणि बराच वेळ नावं वाचत उभा राहिलो. वयंही वाचली. फार लहान वयं आहेत.

पार्क ओलांडताना डोक्यात गाणी होती. अ‍ॅनफिल्डचं ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ सगळ्या जगाला माहीत आहे. इतकं की ते फुटबॉलइतकंच जुनं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते 1945 च्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकन संगीत नाटकातलं. लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्सनी ते 1963 मध्ये गायलं आणि त्या नोव्हेंबरात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. मैदानात तेव्हा सामन्याआधी त्या आठवड्यातली लोकप्रिय गाणी वाजवायचे. पुढे ते यादीतून उतरलं, वाजायचं थांबलं, पण लोक थांबले नाहीत, असं तिथे सांगतात. आणि आमचा संघ मैदानात उतरताना वाजणारं ‘झेड कार्स’? ती तर 1962 मध्ये सुरू झालेल्या बीबीसीच्या एका पोलीस मालिकेची धून. मालिकेतलं काल्पनिक गाव लिव्हरपूलजवळच्या कर्कबीवरून घेतलेलं. धून मात्र जुनी, ‘जॉनी टॉड’ या लोकगीताची, समुद्रावर गेलेल्या आणि मागे प्रेम गमावलेल्या खलाशाची. 1962-63 च्या हंगामात एव्हर्टन लीग जिंकला आणि धून कायमची चिकटली.

म्हणजे जिला आपण परंपरा म्हणतो ती सुरुवातीला रेकॉर्डवरची, टीव्हीवरची, त्या काळातली अगदी ताजी वस्तू होती. आधुनिकच. स्पीकर तेव्हाही होते. मग लंडनमधल्या त्या गाण्याने मला एवढं का डिवचलं? पार्कातल्या बाकावर बसून मी यावर पुष्कळ विचार केला. उत्तर एकच सुचलं: तेव्हा रेकॉर्ड संपली की पुढची जागा रिकामी सुटायची. त्या रिकाम्या जागेत लोकांनी गाणं आपलं केलं. आता ती जागाच उरू देत नाहीत. दर सेकंद कुणालातरी विकलेला असतो.

संध्याकाळी गुडिसन. घरांच्या रांगा, आणि त्या रांगांतूनच एकदम स्टेडियम सुरू होतं. कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च इतकं खेटून उभं आहे की दोन्हींची एकच भिंत असावी असं वाटतं. आमच्या बुलेन्स रोड स्टँडच्या सज्जावर आर्चिबाल्ड लीचने आखलेली लोखंडी फुल्याफुल्यांची जाळी. डिक्सी डीन इथेच खेळायचा, 1927-28 च्या एका लीग हंगामात 60 गोल. आणि तो गेलाही इथेच, 1 मार्च 1980 ला, लिव्हरपूलविरुद्धचा सामना पाहताना. एवढं सगळं एका जागी घडलेलं असताना खुर्चीत गुडघे मावत नाहीत याचं मला काहीच वाटलं नाही. (मावत नाहीतच. मी पूर्ण वेळ तिरका बसलो होतो.)

माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी आणि त्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू. खेळाडू बाहेर यायची वेळ झाली, भोंगा वाजला. मी मोबाइल काढला. आजी म्हणाल्या, “लव्ह, तो खिशात ठेव. हे त्यात येत नाही.” तिथल्या बायका अनोळखी माणसालाही ‘लव्ह’ म्हणतात, आणि त्या एका शब्दाने मी एकदम घरचा झालो. मोबाइल ठेवला. ड्रमचा ठेका आला, त्यावर बासरीसारखी ती तीक्ष्ण शीळ, आणि चारही बाजूंनी माणसं उभी राहिली. या धूनला इथे शब्द नाहीत, म्हणून कुणी गात नव्हतं. टाळ्या, पायांचा आवाज, आणि आजी अगदी हळू, दातांतल्या दातांत ती गुणगुणत होत्या. बावीस वर्षं मी ही धून स्पीकरमधूनच ऐकली होती. त्या गुणगुणण्याने माझे डोळे भरले.

मध्यंतरात बोलणं झालं. वडिलांचा हात धरून त्या इथे पहिल्यांदा आल्या तेव्हा शाळेत होत्या. नव्या स्टेडियममध्ये जाणार नाही असं आधी ठरवलं होतं, पण नातवासाठी जागा घेतली. मी म्हटलं, जुने दिवस चांगले होते, नाही? त्या लगेच म्हणाल्या, “सगळे नाही.” नातवाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की आपण जॉन बार्न्सच्या वेळी इथे होतो. फेब्रुवारी 1988. लिव्हरपूलचा काळा खेळाडू, त्याच्यावर इथूनच केळ्याची साल फेकलेली, आणि ती टाचेने बाजूला करणाऱ्या बार्न्सचा तो फोटो. “माझ्या आजूबाजूचे लोक ओरडत होते. मी ओरडले नाही, पण त्यांना गप्पही केलं नाही.” यावर मला काय बोलावं सुचलं नाही.

म्हणून ‘पूर्वीचं सगळं सोनं’ असं मी लिहिणार नाही. हिल्सबरोनंतरच्या टेलर अहवालामुळे वरच्या पातळीवरच्या मैदानांत उभं राहायच्या जागा जाऊन खुर्च्या आल्या, कुंपणं गेली, आणि माणसं जिवंत घरी जायला लागली. ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच दशकात, 1992 पासून, प्रीमियर लीग आणि टीव्हीचा पैसा आला, तिकिटं वर गेली आणि पोरं मैदानाबाहेर राहिली. हे मात्र व्हायलाच हवं होतं असं कुणी मला पटवू शकलेलं नाही. लोक गप्प बसले असंही नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये अ‍ॅनफिल्डला 77 पौंडांच्या तिकिटाची घोषणा झाली, तेव्हा सामन्याच्या 77व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. मालकांनी ती योजना मागे घेतली. त्याच वर्षी पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा ठरली. त्या रात्री कोपऱ्यात बसलेले वुल्व्ह्जचे लोक त्याच दरात आले होते, आणि चार गोल खाऊनही गात होते. होय, 4-0. त्यांतले दोन तर त्यांच्या एकाच बचावपटूने स्वतःच्या जाळ्यात घातले. ते मला खांब असूनही नीट दिसले.

शनिवारी, 7 डिसेंबरला, गुडिसनवर लिव्हरपूलशी सामना होता. तिकीट नव्हतं. मी बाहेरच्या रस्त्यावर उभा राहून नुसता आवाज ऐकणार होतो, ठरवूनच आलो होतो. सकाळी डाराघ वादळामुळे सामना पुढे ढकलला. दिवसभर खिडकी खडखडत होती. बायकोने बीटल्सचं संग्रहालय आदल्या दिवशीच पाहून घेतलं होतं, त्यामुळे ती निवांत होती. संध्याकाळी तिने विचारलं, “दोन दिवस तू हे काय गुणगुणतोयस?” मला पत्ताच नव्हता. (तो सामना पुढे फेब्रुवारीत झाला, 2-2. आमच्या टारकोव्हस्कीने 98व्या मिनिटाला बरोबरी केली, तेव्हा घरी मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी उशीत तोंड घालून ओरडलो.)

रविवारी वारा ओसरल्यावर ब्रॅम्ली-मूर गोदीकडे गेलो. 1848 ची गोदी भरून तिथे नवं स्टेडियम उभं केलंय, सुमारे 53 हजारांचं. 2021 मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलच्या बंदराचा जागतिक वारशाचा दर्जा काढला, त्याच्या कारणांत हेही बांधकाम होतं. दिसायला सुंदर आहे, हे कबूल करायला मला जड गेलं. गेटाच्या फटीतून मी खूप वेळ बघत होतो. आत एकही खांब नसणार.

18 मे 2025 ला पुरुष संघ गुडिसनवर शेवटचं खेळला. 24 ऑगस्टला नव्या घरी पहिला लीग सामना झाला. गुडिसनचं उद्घाटनही 24 ऑगस्टचंच, 1892 चं. मी टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवून बसलो होतो. ‘झेड कार्स’ वाजलं. त्यात माणसं किती आणि स्पीकर किती, हे मला टीव्हीवरून ओळखता येईना. त्या गर्दीत कुठेतरी आजी होत्या, नातू होता.

यंगचा तो गोल मी अजून पाहिलेला नाही. चित्रफीत शोधली तर मिनिटात सापडेल, पण नको वाटतं. गुडिसन पाडणार होते, ते वाचलं. तिथे आता एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. पुढच्या खेपेला आम्ही दोघं जाणार आहोत, आणि बायको म्हणते, तिकिटं खांबामागचीच काढ.