ॲटम एन270 वर अँटीएक्स: अडलं ते घड्याळापाशी

ॲटम एन270 प्रोसेसरच्या जुन्या लॅपटॉपसाठी अँटीएक्स 23 हे हलकं लिनक्स पक्कं केलं. मागच्या नोंदीत तोललेले बाकीचे डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) बाद. लुबुंटूने 18.10 नंतर 32-बिट सोडलं, डेबियन 13 मध्ये 32-बिटचा इन्स्टॉलरच नाही आणि एन270 ला 64-बिट चालत नाही. पपी चपळ आहे, पण सगळा कारभार रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने. पोरांच्या हाती द्यायच्या यंत्रावर नकोच. आइसडब्ल्यूएम हा हलका डेस्कटॉप उघडून निवांत झाल्यावर 1 जीबी रॅममधले 200 एमबीसुद्धा भरत नाहीत. हार्डडिस्कची कुरकुर थांबलेली ऐकायला मजा येते.

मग माशी शिंकली. वायफाय जोडलेलं, पिंग जातंय. पण फायरफॉक्स प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट नाकारतो आणि ॲप्ट (सॉफ्टवेअर उतरवणारी आज्ञा) म्हणतं, रिलीज फाइल अजून वैधच नाही. इथे लोक मिरर (डाउनलोडचा सर्व्हर) बदलत बसतात, नाहीतर डिस्ट्रोला शिव्या घालतात. आधी टर्मिनलमध्ये ‘डेट’ मारा. इथे 2009 निघालं, म्हणून आजची सर्टिफिकेटं भविष्यातली ठरत होती!

म्हणजे घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल मेलेला. मुख्य बॅटरी काढून ठेवली की बंद लॅपटॉपचं घड्याळ एकट्या सेलवर चालतं, त्यामुळे तो लवकर संपतो. कोकणातली दमट, खारी हवा वर भर घालते: कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर धरला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने निघतो. नवा सेल मल्टिमीटरवर 3 व्होल्टच्या वर दाखवतो, हा 2 च्याही खाली होता.

बाजारात सुटा सेल लगेच मिळतो, पण लॅपटॉपला दोन वायरींचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लागतो. सुट्यावर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने फुगतो. चिकटपट्टीने वायरी दाबून बसवणं म्हणजे पावसाळ्याला आमंत्रण. ऑनलाइन मागवलात तर प्लगमधली लाल-काळी वायर जुन्याशी ताडून बघा. कधीकधी उलटी येते. बदलल्यावर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वेळ आणि बूट ऑर्डर पुन्हा लावायची.

सेल येईपर्यंत: ‘डेट’ने तारीख हाताने घाला, मग फेक-एचडब्ल्यूक्लॉक हा छोटा प्रोग्राम टाका. ते दर तासाला आणि बंद करताना वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणून अचानक लाइट गेली तरी फार तर तासाभराची नोंद हुकते. मात्र लॅपटॉप बंद असतानाचा काळ त्याला कळत नाही. त्यासाठी सोबत इंटरनेटवरून वेळ आणणारं क्रोनी हवं. त्याच्या वेळ मागवायच्या पद्धतीला (एनटीपी) सर्टिफिकेट लागत नाही, म्हणून चुकलेल्या घड्याळावरही ते वेळ आणतं. खरं तर सेल बदलल्यावरही दोन्ही राहू द्यावीत, असं आता वाटतंय.

झेडरॅम (रॅममध्येच डेटा दाबून जागा वाढवणं) 512 एमबीने लावायचा बेत होता, तो मागे. फायरफॉक्सने 145 पासून 32-बिट लिनक्स सोडलं आणि ईएसआर 140 या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची हमी किमान सप्टेंबर 2026 पर्यंतचीच. त्यापेक्षा ॲटम एन455 चं जुनं नेटबुक शोधतोय. ते 64-बिट आहे. कुणाकडे पडून असेल तर स्क्रीनचे बिजागर आणि चार्जरची पिन कशी आहे ते कळवा.