तूच लिहून आण, मी सही करतो

२०२५चा जानेवारी. पहिला तास संपवून स्टाफरूमकडे आलो तर ती दाराशी उभी होती. आदल्याच वर्षी आमच्याकडून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, आता नाशिकला एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. पहाटेच्या एसटीनं आली होती. प्लास्टिकच्या फोल्डरमधून तिनं एक टाइप केलेला कागद काढला.

“सर, रेकमेंडेशन लेटर. तुम्ही म्हणालात तसं लिहून आणलंय. आज शेवटचा दिवस आहे. फक्त सही, आणि त्यांच्या पोर्टलवर तेवढं अपलोड करायचं.”

मी म्हणालो होतो हे खरं. महिन्याभरापूर्वी तिचा फोन आला होता. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात विकास अर्थशास्त्राच्या मास्टर्सला अर्ज करतेय, तिथला प्रवेश हातात आला की आपल्या सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी पुण्याला फाइल द्यायची, असं तिनं सांगितलं. मला मनापासून आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या भरात मी तेच बोललो जे माझ्या सरांनी मला सांगितलं होतं, जे आमच्यातले बहुतेक जण विद्यार्थ्यांना सांगतात: तूच लिहून आण, मी सही करतो.

कागद वाचला. सिन्सिअर, हार्डवर्किंग, ओबीडियंट, गुड मॉरल कॅरॅक्टर. इंग्रजी स्वच्छ होतं, एकही चूक नव्हती. पण नाव खोडून दुसरं घातलं असतं तरी चाललं असतं. अशा पत्रांवर मी बावीस वर्षं सह्या करत आलोय.

मी तिच्यासमोरच पोर्टल उघडलं, आणि तिथेच पहिली अडचण आली. जीमेल चालणार नव्हता, संस्थेचा अधिकृत ईमेल हवा होता. आमच्या विभागाच्या नावानं कॉलेजचा असा ईमेल होता, पण तो कुणी कधी उघडूनच पाहिला नव्हता. पासवर्ड शोधण्यात तास गेला. शेवटी तो ग्रंथपालांच्या जुन्या डायरीत सापडला. तालुक्याच्या ठिकाणी शिकलेल्या पोरांचे अर्ज अशा गोष्टींपाशी अडतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

फॉर्म उघडला. वरच लिहिलं होतं की हे पत्र गोपनीय राहील, अर्जदाराला ते दाखवलं जाणार नाही. खाली प्रश्न होते. अर्जदाराला किती वर्षं आणि कोणत्या नात्यानं ओळखता? तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांत ती पहिल्या पाच टक्क्यांत बसते की दहा? तुम्ही स्वतः पाहिलेल्या तिच्या एखाद्या कामाविषयी लिहा. तिला कुठे आधार लागेल?

ती गोपनीयतेची ओळ मी दोनदा वाचली. तिथल्या माणसानं विश्वासानं विचारलं होतं की तुम्हाला या मुलीबद्दल काय वाटतं. आणि मी त्या मुलीलाच सांगितलं होतं की मला काय वाटतं ते तू लिही.

“तू बस,” म्हटलं. “हे मी लिहितो.”

तिचा चेहरा उतरला. “सर, माझं काही चुकलं का? बदल सांगा, मी आत्ता टाइप करून आणते.”

“तुझं काही चुकलेलं नाही. तृतीय वर्षाला तू प्रकल्प केला होतास ना, कांद्याचा? त्याची फाइल आहे का तुझ्याकडे?”

फाइल नव्हती. फोल्डरमध्ये होती ती वही, जिच्यावरून प्रकल्प लिहिला होता. अर्जाचा निबंध लिहिताना लागली म्हणून सोबत आणली होती. शंभर पानी, कव्हर निघालेली, पाठीला चिकटपट्टी लावलेली. प्रकल्पाला मी चांगले गुण दिले होते. पण हेही सांगायला हवं की तो मी चाळला होता, वाचला नव्हता. त्या वर्षी माझ्यापुढे साठ प्रकल्प होते आणि त्यातले निम्मे कांद्यावर. लासलगावच्या इतक्या जवळ दुसरं काय असणार?

वही उघडली. प्रत्येक पानावर उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, लिलाव चालू की बंद, भाव, पप्पा, आई.

तिचे वडील बाजार समितीत हमाल आहेत. आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते. नोव्हेंबर २०२३ ते एप्रिल २०२४ या सहा महिन्यांत दोघांना रोज किती काम मिळालं आणि किती पैसे आले, ते तिनं रोज रात्री विचारून लिहून ठेवलं होतं. एकही दिवस सुटलेला नव्हता. ज्या दिवशी काही नाही त्या दिवशी शून्य.

आता त्या सहा महिन्यांत काय काय झालं ते आठवून बघा. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलेलंच होतं. ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यातमूल्य टनाला ८०० डॉलर झालं. ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ती थेट पुढच्या मे महिन्यात उठली. बंदी आली तशी नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, रस्ते अडले, भाव कोसळला. आम्ही सगळेच त्यावर बोलत होतो. वर्गात मीही बोललो, फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढून दाखवल्या. आमच्या बोलण्यात दोनच माणसं होती, पिकवणारा आणि खाणारा.

तिच्या वहीत तिसरा आणि चौथा माणूस होता. आणि त्या दोघांचं एकसारखं झालं नव्हतं.

हमाली वजनावर मिळते. कांदा चार हजारानं जावो की हजारानं, गोणी तेवढीच जड आणि तिचे पैसेही तेवढेच. लिलाव बंद होते ते दिवस वडिलांच्या रकान्यात शून्य होतं. पण लिलाव सुरू झाले तसे आकडे पूर्ववत झाले, कारण तो लाल कांदा होता. उन्हाळ कांद्यासारखा तो कांदाचाळीत साठवून ठेवता येत नाही. भाव पडला तरी शेतकऱ्याला आणावाच लागतो, आणि ट्रॉली आली की हमाल लागतोच. आईचा रकाना मात्र खाली गेला तो खालीच राहिला. निर्यातीचा माल एकसारखा लागतो. गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, जोडकांदा वेगळा, साल निघालेला वेगळा, त्यासाठी खळ्यावर बायांची रांग बसते. निर्यात थांबल्यावर इतकं निवडायची गरजच उरली नाही. एकाच घरात, एकाच कांद्यावर, एकाच सरकारी आदेशानं बापाचे काही दिवस गेले आणि आईचे महिने.

हे तिनं एकविसाव्या वर्षी, कुणी न सांगता मांडलं होतं. पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं: “भाव पडला तर शेतकऱ्याचं जातं. आवक थांबली तर पप्पांचं जातं. निवड थांबली तर आईचं. पेपरात आईचं येत नाही.”

मी वही मिटली आणि थोडा वेळ काहीच बोललो नाही. मग तिला म्हटलं, चल, जरा मार्केटला जाऊन येऊ. पत्रात जे लिहायचं ते डोळ्यांनी बघून लिहावं, असं वाटलं.

दुपारचे लिलाव चालू होते. ट्रॅक्टर एकामागे एक लागलेले, ट्रॉलीच्या फाळक्यावर चढून व्यापाऱ्यांची माणसं मूठभर कांदा उचलून बघत होती, बोली लागत होती आणि पुकारा पुढच्या ट्रॉलीकडे सरकत होता. एका ट्रॉलीचा सौदा व्हायला मिनिटही लागत नाही. तिचे वडील भुईकाट्याच्या पलीकडे सावलीत टेकलेले दिसले. मला बघून गडबडीनं उठले, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.

“सर, तुम्ही इकडं? पोरीचं काय अडलं का?”

“काही अडलं नाही. तिच्याबद्दल पत्र लिहायचंय, तिकडच्या कॉलेजला. म्हटलं तुम्हाला भेटून जावं. ती रोज रात्री हिशोब विचारायची ना तुम्हाला?”

ते हसले. “रोज. जेवायच्या आधी. मी दमून आलो तरी सोडत नव्हती. एकदा मी अंदाजानं आकडा सांगितला, तर म्हणाली, पप्पा, अंदाज नको, पट्टीवर काय आहे ते सांगा. मग मी चिठ्ठ्या जपून आणायला लागलो.”

वहीच्या मागच्या पानांना काय टाचलेलं होतं ते मला तेव्हा कळलं. त्या चिठ्ठ्या होत्या.

परत येऊन लिहायला बसलो तेव्हा साडेचार वाजले होते. तिला शेवटच्या एसटीनं घरी पाठवलं. जाताना ती म्हणाली, “सर, मला दाखवाल ना, मी व्याकरण बघते.” म्हटलं, “नाही दाखवायचं. तुलाही आणि मलाही ते पाळावं लागेल.”

इंग्रजीतून असं लिहायची मला सवय नाही. पहिला परिच्छेदच चारदा खोडला. वाक्यं पुन्हा पुन्हा त्या जुन्या शब्दांकडे जात होती. बाबासाहेब एका शिष्यवृत्तीवर परदेशी अर्थशास्त्र शिकायला गेले, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंड मंजूर केले, तीन वर्षांसाठी. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला गेले तेव्हा कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांनी लंडनमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राकडून उसने पैसे घेतले आणि १९२०मध्ये पुन्हा लंडन गाठलं. त्याच वर्षी फॉक्सवेल यांनी त्यांच्याविषयी लिहिलं की या माणसाला जिंकायला इथे आता आणखी जगं उरलेली नाहीत. हे मी कितीदा तरी सांगितलंय, पण त्यातल्या पत्रांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. समोरच्या विद्यार्थ्याला नीट पाहिलेल्या शिक्षकांनी ती लिहिली होती.

मग वहीपासूनच सुरुवात केली. रकाने कसे पाडले, शून्यं कशी लिहिली, चिठ्ठ्या कशा टाचल्या, आणि त्यातून तिनं काय ताडलं. आईचा रकाना का महत्त्वाचा, ते सविस्तर लिहिलं. २०२४च्या एप्रिलमध्ये, शेतकऱ्याच्या मालाच्या पैशांतून हमाली, तोलाई, वाराई अशी जी मजुरी कापली जायची तिच्यावरून जिल्ह्यातले लिलाव पुन्हा बंद पडले. या वेळी वाद तिच्या वडिलांच्याच मजुरीचा होता. तरी तिनं वहीत शेतकऱ्याची बाजूही तितक्याच निष्ठेनं नोंदवली होती. माझ्या मते तो तिचा सगळ्यात मोठा गुण, आणि मी तसं लिहिलं.

उणी बाजूही लिहिली. आमच्या बी.ए.ला कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, जवळजवळ नाही. दहावीनंतर तिचा गणिताशी संबंध तुटला होता. तिनं ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून गणिताचा कोर्स केला, पण तो उशिरा आणि एकटीनं. पहिल्या सत्रात तिला तिथे हात द्यावा लागेल, असं स्पष्ट लिहिलं. हे लिहू की नको, यावर अर्धा तास गेला. वाटत होतं, आपल्याच पोरीच्या पायात काटा टाकतोय. पण त्यांनी ते विचारलं होतं, आणि बाकीचं सगळं खरं लिहून इथे खोटं लिहिलं असतं तर वहीवरही कुणी विश्वास का ठेवावा?

टक्क्यांच्या रकान्यात ‘पहिल्या पाच’ची खूण केली. मोजून केली, जुनी हजेरीपत्रकं डोळ्यांपुढे आणून.

लंडनची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. रात्री दीड वाजता पत्र पाठवलं. पोचल्याची ओळ स्क्रीनवर आली तिचा फोटो काढून तिला पाठवला. लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. ती जागीच होती.

मार्चमध्ये विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं. इंग्रजीच्या परीक्षेची अट होती, तीही तिनं पार केली. मग उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिकांच्या प्रती असं सगळं जमवून फाइल पुण्याला समाजकल्याण आयुक्तालयात गेली. राज्यभरातून ७५ जागा. यादी लागायची आहे आणि हे लिहिताना माझंही लक्ष तिकडेच आहे. तिनं प्रत्येक कागद तीनदा तपासलाय, एवढं मी सांगू शकतो.

या वर्षी तृतीय वर्षाचे प्रकल्प मी वाचले. सगळे नाही झाले, पण ज्यांच्या सोबत वह्या होत्या ते सगळे. सही मागायला आलेल्या दोन मुलांना कागद परत दिला आणि म्हटलं, काम घेऊन या, पत्र मी लिहीन.

प्रवेशपत्र आलं त्या आठवड्यात मार्केटच्या रस्त्यावर तिचे वडील भेटले. सायकल उभी करून थांबले. पत्रातलं मी काही सांगितलं नाही. वहीबद्दल लिहिलंय, एवढंच बोललो. त्यांनी मान हलवली, जरा विचार केला आणि विचारलं,

“सर, त्यात तिच्या आईचं धरलं ना?”

“धरलंय,” म्हटलं. “सगळ्यात आधी तेच.”