छतावर चढून पाहा

दुसऱ्या हिवाळ्यानंतर आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, भिंतीवर फुगे आले. छताच्या कडेचं सीलंट नीट बसलंच नव्हतं. पाणी झिरपून आतलं पातळ प्लायवूड कुजलं, फायबरग्लास सुटला. माझा राग कारागिरांवर नाही. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी फिरती घरं, इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट भागात बनतात, आणि तिथे बऱ्याच कारखान्यांत मजुरी नगावर ठरते. मग सांधा पुन्हा तपासायला कोण थांबणार? २०२१ मध्ये तर सहा लाख गाड्या बाहेर पडल्या, विक्रमच! ब्रँड ढीगभर, मालक मोजके. २०१६ मध्ये थॉर या बड्या आरव्ही कंपनीने जेको ही दुसरी आरव्ही कंपनीही विकत घेतली. चढाओढ उरली ती किमतीची आणि शोरूममधल्या झगमगाटाची. घेणार असाल तर आधी शिडी मागा.