तुम्ही विचारलंत म्हणून: एक बरं सॉफ्टवेअर का नाही घेतलं?

"चार वर्षं नकाशे काढत बसलात, त्यापेक्षा एक बरं सॉफ्टवेअर घेऊन टाकायचं होतं." हे मी फोंड्याच्या बाजारात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. आमच्याच एका निवृत्त विभागप्रमुखांनी तर म्हार्दोळच्या देवळाबाहेर थांबवून विचारलं. दरवेळी दोन वाक्यं बोलून मी वेळ मारून नेली. आज नीट सांगते. मी एका विद्यापीठात एंटरप्राइझ आर्किटेक्चरचं काम करते, आणि नकाशे म्हणजे संस्थेतली कामं आणि माहिती कुठून कुठं जाते याची चित्रं. संस्थेचं नाव घेणार नाही.

सॉफ्टवेअर घेतलं होतं, तेही एक नव्हे, तीन. प्रवेशाचं, परीक्षेचं आणि हिशेबाचं. तिन्हींची टेंडरं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या समित्यांनी काढलेली. शिवाय ग्रंथालयाची स्वतःची प्रणाली, वसतिगृहाचं जाड रजिस्टर, आणि प्रत्येक विभागात क्लार्कबाईंची एक्सेल शीट, जिच्यावाचून विभागाचं पान हलत नाही. एका विद्यार्थ्याचं नाव आमच्याकडे किती ठिकाणी लिहिलं जातं हे मी मोजलं, तेव्हा 11 ठिकाणं निघाली. नाव बदललं तर या अकराही ठिकाणी ते बदलून घ्यायचं काम कुणाचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. चौथं सॉफ्टवेअर आणलं असतं तर ते बारावं ठिकाण झालं असतं.

पैशांचंही सांगून टाकते, कारण नकाशांवर लाखो उधळले असं काहीजण बोलतात. नकाशे आम्ही आर्ची नावाच्या सॉफ्टवेअरवर काढले. ते फुकट मिळतं, आणि त्याची सुरुवातच मुळी इंग्लंडमधल्या बोल्टन विद्यापीठात झाली. खर्च झाला तो माझा आणि आणखी दोघांचा वेळ.

एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे काय, तर संस्थेत कोण कुठलं काम करतं, त्याला कुठली माहिती लागते, ती कुठं ठेवलेली असते आणि कुणाच्या ताब्यात असते, हे सगळं एका जागी मांडायचं आणि पुढचा प्रत्येक निर्णय ते समोर ठेवून घ्यायचा. एवढंच. जॉन झॅकमन यांनी 1987 साली आयबीएमच्या नियतकालिकात अशा मांडणीचा आपला तक्ता मांडला, 1995 पासून टोगॅफ ही याच कामाची ठरीव पद्धत आहे. मी टोगॅफचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि पहिलं वर्ष मी त्यातल्या शब्दांतच बोलत होते. समोरच्याला त्यातला एकही शब्द आपला वाटत नव्हता, हे मला दिसत असूनही मी थांबले नाही. ती चूक माझी.

आता ती गोष्ट सांगते, जी मी पंगतीत सांगू शकत नाही.

चवथीची सुट्टी संपून ऑफिस उघडलं त्या दिवशी सत्तरी तालुक्यातून एक गृहस्थ आले. बाहेर पाऊस होता. शर्टाच्या आत धरून आणलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, आधी हात पुसले आणि मग एकेक कागद बाहेर काढला. मुलाचा जन्मदाखला, बारावीची मार्कशीट, नावबदलाचा दाखला, बँकेचं पासबुक. आडनाव नाईक. आजोबांपासून चालत आलेलं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, शेवटी 'क्यू-यू-ई'. आधार काढताना कुणीतरी साधा 'के' लावला. पुढं अडचण नको म्हणून त्यांनी गोव्याच्या 1990 च्या नावबदल कायद्याखाली रीतसर अर्ज करून सगळीकडे 'के' करून घेतलं. जे करायला हवं ते त्यांनी केलं होतं.

मुलगा तेव्हा दुसऱ्या वर्षाला. परीक्षा विभागानं दाखला बघून नाव बदललं. विद्यार्थी विभागाच्या नोंदणीत जुनंच राहिलं, आणि शिष्यवृत्तीची पडताळणी व्हायची ती त्या नोंदणीवरून. बँकेचं नाव वेगळं, नोंदणीचं वेगळं, अर्ज अडकला. विद्यार्थी विभागानं परीक्षा विभागाकडे पाठवलं. परीक्षा विभाग म्हणाला, आमच्याकडे बरोबर आहे. हिशेब विभाग म्हणाला, पोर्टलवर हिरवं झालं की या. सत्तरीहून दोन बस बदलून ते तीन वेळा आले होते. मुदत टळली. मुलानं फी भरायला म्हणून वेर्ण्याला एका कंपनीत रात्रपाळी धरली, आणि सहाव्या सेमिस्टरला तो बसलाच नाही.

ते भांडायला आले नव्हते. दोन मार्कशीटा माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, "नाईक म्हळ्यार नाईकच न्हय गे, बाय?" त्यांची शाळा मराठी. देवनागरीत दोन्ही नावं अगदी एकच, काना-मात्रेचाही फरक नाही. फरक आहे तो रोमन अक्षरांत, आणि तेवढ्यावर आमच्याकडे ती दोन माणसं झाली होती.

माझ्या मागच्या भिंतीवर तो मोठा नकाशा होता. परीक्षा आणि नोंदणी या दोन चौकटींमध्ये लाल तुटक रेघ होती. ती मीच काढली होती, दीड वर्षापूर्वी. नावबदल एकीकडून दुसरीकडे जात नाही हे मला माहीत होतं. वर्षाला जेमतेम आठ-दहा प्रकरणं, म्हणून मी ते काम तिसऱ्या टप्प्यात टाकलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं: कमी प्राधान्य. त्यांना त्यातलं काही कळणार नव्हतं, मी सांगितलंही नाही. चहा मागवला. चहा न घेता ते उठले, कारण वाळपईची बस होती.

तेव्हा, नकाशांनी काय साधलं असं तुम्ही विचारता, तेव्हा मला राग येतो तो तुमचा नव्हे. नकाशा बरोबर होता आणि तरी मुलाचं शिक्षण सुटलं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

पहिल्या वर्षाची मी आज समोर आली तर म्हणेल, अगं, एका प्रकरणावरून अख्खी पद्धत मोडीत काढू नकोस. खरं आहे तिचं. ऑस्ट्रेलियात कौडिट या विद्यापीठांच्या मंडळानं उच्च शिक्षणासाठी एक सामाईक आराखडा केलाय, नेदरलँड्समध्ये होरा नावाचा तसाच आराखडा आहे. ब्रिटनमध्ये जिस्क या विद्यापीठांना तंत्रज्ञानात मदत करणाऱ्या संस्थेच्या पाठबळावर किंग्ज कॉलेज, कार्डिफ आणि लिव्हरपूल जॉन मूर्स यांनी टोगॅफ वापरून पाहिलं. ते काही वेडे नाहीत. पण मी तिला सांगेन, त्या आराखड्यांत शिकवणं, संशोधन, प्रवेश हे खाने आयते मिळतात. आजोबांचं स्पेलिंग मिळत नाही. ते खिडकीवर उभं राहूनच कळतं, आणि तू खिडकीवर उभी राहिली नव्हतीस.

विद्यापीठ म्हणजे कंपनी नव्हे, हेही मला उशिरा उमगलं. कंपनीत वरून हुकूम निघतो. आमच्याकडे विभागप्रमुखपद फिरतं, विद्वत परिषद वेगळी, वित्त समिती वेगळी, आणि परीक्षेच्या बाबतीत कुलगुरूसुद्धा जपून बोलतात. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञांनी 1968 मध्ये लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात तशाच घडणीच्या प्रणाली ती बनवते. आमच्या दोन खिडक्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, मग त्यांची यंत्रं कशी बोलणार?

त्यानंतर मी बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि एकच कागद हातात धरला: विद्यार्थ्याच्या नावाचा मालक कोण. त्या एका पानावर सह्या व्हायला सात महिने लागले. परीक्षा विभागाला वाटलं त्यांचा अधिकार जातोय, विद्यार्थी विभागाला वाटलं नसतं काम गळ्यात पडतंय, आणि दोघांचंही चूक नव्हतं. शेवटी विद्यार्थी विभाग मालक ठरला. बाकीच्यांनी नाव तिथूनच घ्यायचं. आता श्रेयांकांच्या राष्ट्रीय बँकेत (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) विद्यार्थ्यांची क्रेडिट चढवताना, जिथं नाव आधारशी जुळावं लागतं, त्या पानाचा उपयोग होतो. वसतिगृह मात्र अजून रजिस्टरच चालवतं.

याला यश म्हणायचं का? काही दिवशी मला वाटतं, हो. काही दिवशी वाटतं, एक समंजस हेडक्लार्क आणि एक फोन एवढ्यावर हे काम दीड वर्ष आधी झालं असतं, नकाशा नसताही. पण मग आठवतं की समंजस हेडक्लार्कही होते आणि फोनही होता.

येत्या सोमवारी नव्या एकत्रित प्रणालीचं प्रात्यक्षिक आहे. तुमच्यापैकी ज्यांना सॉफ्टवेअर हवं होतं त्यांना आनंद होईल. मीही जाणार आहे, पहिल्या रांगेत बसणार आहे. कंपनीकडे मी आधीच एक प्रश्न लेखी पाठवलाय: विद्यार्थ्यानं नाव बदललं तर ते एकदा कुठं बदलायचं, आणि पुढं कुणाकुणाला आपोआप कळतं? अजून उत्तर आलेलं नाही.