प्रिपेअर्ड स्टेटमेंटला आठवण असते

गेल्या आठवड्यात कोड रिव्ह्यूमध्ये एका नव्या सहकाऱ्याने विचारलं, "रिसेटनंतर ही क्लिअर बाइंडिंग्जची (आधी भरलेल्या किमती पुसण्याची) ओळ कशाला? पुढच्या फेरीत सगळ्या किमती, म्हणजे व्हॅल्यू, पुन्हा बाइंड होतातच की. काढून टाकू?" मी "नको" एवढंच लिहिलं आणि ते उत्तर मलाच अपुरं वाटत राहिलं. त्या एका ओळीमागे माझे तीन आठवडे गेले आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी मी सेन्सरच्या नोंदी साठवणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहीत होते. फाइल यायची आणि तिच्यातली प्रत्येक ओळ एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या टेबलात जायची. सेन्सरचा क्रमांक, वेळ, मोजमाप आणि शेवटी शेरा, असे चार कॉलम. शेरा बहुतेक वेळा रिकामाच असे. तंत्रज्ञाला काही वेगळं दिसलं तरच तो "वायर सैल" किंवा "पुन्हा मोजलं" असं लिहायचा.

इन्सर्टचं, म्हणजे टेबलात ओळ घालायचं, वाक्य मी एकदाच प्रिपेअर केलं होतं, किमतींच्या जागी चार प्रश्नचिन्हं ठेवून. असं आधीच तयार करून ठेवलेलं वाक्य म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. मग प्रत्येक ओळीसाठी बाइंड (प्रश्नचिन्हांच्या जागी किमती देणं), स्टेप (वाक्य चालवणं), रिसेट. ही पद्धत बरोबरच आहे. वाक्य वाचणं, टेबल आणि कॉलम शोधणं, त्याचा बाइटकोड (डेटाबेसने चालवायच्या सूचना) बनवणं हे काम एकदाच होतं, आणि किमती वाक्याच्या मजकुरात कधी मिसळतच नाहीत. शेऱ्यात कुणी अवतरणचिन्ह टाकलं तरी वाक्य मोडत नाही. (वेग मात्र मला त्याने फारसा मिळाला नाही. तो मिळाला हजारो इन्सर्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या गटात, गुंडाळल्यावर, कारण तोपर्यंत प्रत्येक ओळीला डिस्कवर लिहून होण्याची वाट पाहावी लागत होती.)

चूक अशी होती की शेरा रिकामा असेल तर मी चौथं प्रश्नचिन्ह बाइंडच करत नव्हते. ज्याला किंमत दिलेली नाही ते प्रश्नचिन्ह नल (रिकामी किंमत) मानलं जातं, हे मी एसक्यूलाइटच्या दस्तऐवजात वाचलं होतं आणि ते खरंही आहे. पण रिसेट फक्त स्टेटमेंटला पुन्हा सुरुवातीला आणून उभं करतं. आधी बाइंड केलेल्या किमती तशाच राहतात. त्यामुळे एका ओळीला "वायर सैल" असा शेरा आला की पुढचा खरा शेरा येईपर्यंतच्या सगळ्या ओळींना तोच चिकटत होता. अकरा वेगवेगळ्या सेन्सरांची वायर एकाच मिनिटात सैल कशी होईल, असा प्रश्न अहवाल वाचणाऱ्या एका बाईंनी विचारला, तेव्हा मला हे कळलं.

माझ्याकडे टेस्ट होती. तीन ओळींची फाइल, पहिल्या दोन बिनशेऱ्याच्या, तिसरीला शेरा. ती प्रत्येक वेळी हिरवी यायची, कारण शेऱ्यानंतर चौथी ओळच नव्हती. एसक्यूलाइटने एकही एरर दिला नाही, आणि देण्याचं कारणही नव्हतं. मी सांगितलं होतं तेच ते करत होतं. मूळ फाइली कुणी पुसल्या नव्हत्या म्हणून टेबल दुरुस्त करता आलं. प्रत्येक फाइल पुन्हा वाचायची, नोंदीशी ताडून पाहायची, खोटा शेरा काढायचा. तीन आठवडे गेले ते यात. त्या दिवसापासून मी रिकाम्या किमतीसाठीही बाइंड नल स्पष्ट लिहिते, आणि शिवाय रिसेटनंतर क्लिअर बाइंडिंग्जही ठेवते. दोन्हींपैकी एक पुरेसं आहे हे मला माहीत आहे. तरी मला दोन्ही हवेत.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट शिकवताना आपण एकच गोष्ट सांगतो: एसक्यूएल इंजेक्शनपासून, म्हणजे किमतीतून कुणी स्वतःचा एसक्यूएल घुसवण्यापासून, बचाव. तो होतोच, आणि तेवढ्या एका कारणासाठीही ते सक्तीचं असावं असं माझं मत आहे. हाताने एस्केप करण्यावर, म्हणजे किमतीतल्या अवतरणचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ टाकून ते निष्प्रभ करण्यावर, भरवसा ठेवता येत नाही. जीबीके या चिनी एन्कोडिंगमध्ये अवतरणचिन्हाआधी टाकलेली ती रेघ आधीच्या बाइटशी जुळून एक वैध अक्षर होऊ शकते, आणि अवतरणचिन्ह पुन्हा मोकळं सुटतं. एस्केप करणाऱ्या फंक्शनला एन्कोडिंग माहीत नसेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही. किंमत वाक्यात घातलीच नाही तर हा प्रश्नच उरत नाही. पण एवढंच शिकवलं की ऐकणाऱ्याला वाटतं, प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणजे क्वेरी लिहायची एक सुरक्षित शैली. प्रत्यक्षात ती एक जिवंत वस्तू असते. कुठल्यातरी कनेक्शनवर ती जन्मते, काही गोष्टी लक्षात ठेवते, आणि तिला मोकळं केलं नाही तर तिथेच बसून राहते.

तिची आठवण दुसऱ्यांदा मला भेटली पोस्टग्रेस या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये. नोंदी वाढल्यावर आम्ही तिकडे गेलो होतो. एका गेटवेच्या (सेन्सरांच्या नोंदी पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या) सगळ्या नोंदी दुसऱ्या टेबलाशी जोडून काढणारी एक क्वेरी होती, गेटवेचा क्रमांक डॉलर-एकच्या जागी (पोस्टग्रेसमध्ये प्रश्नचिन्हाचं काम हे चिन्ह करतं). गेटवे हजारो होते, पण जवळजवळ निम्म्या नोंदी एकट्या एका जुन्या गेटवेच्या होत्या. त्या गेटवेसाठी क्वेरी पहिल्या पाच वेळा ठीक चालायची आणि सहाव्या वेळी अडकायची. तीच क्वेरी, तोच क्रमांक, तेच कनेक्शन. कनेक्शन तोडून नवं घेतलं की पुन्हा पाच वेळा ठीक. मी नेटवर्क पाहिलं, लॉक पाहिले, मेमरी पाहिली. आकडा नेमका पाचच का, हा प्रश्न मी फार उशिरा विचारला.

पोस्टग्रेस प्रिपेअर्ड स्टेटमेंटसाठी पहिल्या पाच वेळा दिलेली किंमत बघून खास प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा) बनवतं. त्यानंतर ते किंमत न बघता एक सर्वसाधारण प्लॅन बनवून त्याचा अंदाजी खर्च आधीच्या पाचांच्या सरासरीशी ताडतं. सर्वसाधारण प्लॅन स्वस्त दिसला तर पुढे तोच वापरला जातो आणि दर वेळी प्लॅन बनवण्याचा वेळ वाचतो. बहुतेक क्वेरींसाठी हे उत्तम आहे. पण माझ्या टेबलात सरासरी गेटवेला थोड्याच नोंदी होत्या. किंमत माहीत नसताना प्लॅनरने तीच सरासरी धरली, मूठभर ओळी येतील असं मानून नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात शोधणं) निवडला, आणि तो कागदावर फार स्वस्त दिसला. प्रत्यक्षात तो लूप लाखो वेळा फिरत होता. खास प्लॅनमध्ये हॅश जॉइन (मोठ्या संख्येच्या ओळी एकदम जोडण्याची पद्धत) होता, जो या गेटवेसाठी योग्य होता.

प्लॅन दाखवणारी एक्सप्लेन ही आज्ञा चालवताना क्रमांक थेट वाक्यात लिहिला तर हे कधीच दिसत नाही, आणि मी दोन दिवस तेच करत होते. त्याच कनेक्शनवर प्रिपेअर करून, पाच वेळा चालवून, सहाव्यांदा एक्सप्लेन एक्झिक्यूट केलं तेव्हा दिसलं: प्लॅनच्या अटीत गेटवेच्या क्रमांकाऐवजी नुसतं डॉलर-एक उभं होतं. सर्वसाधारण प्लॅनची हीच खूण. पोस्टग्रेस १२ पासून, म्हणजे २०१९ पासून, प्लॅन कॅश मोड नावाची सेटिंग आहे. त्या एका क्वेरीपुरता खास प्लॅन सक्तीचा केला आणि प्रश्न मिटला. जावा वापरणाऱ्यांना हाच प्रकार पाचानंतर नव्हे, तर दहाव्या वेळेच्या आसपास दिसतो, कारण त्यांचा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) मुळात पाचव्या वेळी सर्व्हरवरचं नावाचं स्टेटमेंट वापरायला लागतो आणि पोस्टग्रेसची मोजणी त्यानंतर सुरू होते.

मग पूलर आला, म्हणजे थोडीच कनेक्शनं अनेकांना वाटून देणारा मधला प्रोग्रॅम. पीजीबाउन्सर हा पूलर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (दर ट्रान्झॅक्शनला कुठलंही मोकळं कनेक्शन) लावला आणि लॉगमध्ये "प्रिपेअर्ड स्टेटमेंट अस्तित्वात नाही" असे एरर यायला लागले. स्टेटमेंट सर्व्हरच्या ज्या कनेक्शनवर प्रिपेअर झालं त्याच कनेक्शनला ते माहीत असतं. पुढचं ट्रान्झॅक्शन दुसऱ्या कनेक्शनवर गेलं की तिथे त्याची ओळखच नाही. २०२३ मध्ये आलेल्या १.२१ आवृत्तीपासून पीजीबाउन्सर स्वतः हिशेब ठेवून गरज पडेल तिथे पुन्हा प्रिपेअर करू शकतो. मात्र प्रोटोकॉलच्या पातळीवर, म्हणजे ड्रायव्हरने, प्रिपेअर केलेल्यांसाठीच. एसक्यूएलमध्ये हाताने लिहिलेल्या प्रिपेअरसाठी नाही.

मायएसक्यूएलवर काम करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न याच्या उलट बाजूचा होता. तिच्या प्रोग्रॅममध्ये लूपच्या आत प्रिपेअर होतं आणि क्लोज कुठेच नव्हतं. सर्व्हरवर एकूण किती स्टेटमेंट उघडी राहू शकतात याला तिथे मर्यादा आहे, ठरलेली १६,३८२. ती भरली की त्या सर्व्हरवरच्या दुसऱ्या निर्दोष प्रोग्रॅमलाही प्रिपेअर करता येत नाही. तिने मला तो आकडा सांगितला तेव्हा मी लगेच विचारलं, "क्लोज कुठे आहे?" आठवणारी वस्तू म्हणून पाहायला लागल्यावर असे प्रश्न आपोआप सुचतात.

लायब्ररी बदलली की आणखी एक गोष्ट मी आधी शोधते: इथे खरंच सर्व्हरवर प्रिपेअर होतं की लायब्ररी स्वतःच किमती वाक्यात भरून पाठवते? पीएचपीची पीडीओ ही डेटाबेस लायब्ररी मायएसक्यूएलसोबत आपसूक दुसरं करते, आणि जावाचा मायएसक्यूएल ड्रायव्हरही. ते वाईट आहे असं नाही. सर्व्हरकडे जाण्याची एक फेरी वाचते, पूलरचा त्रासही नाही. पण एन्कोडिंगचा जीबीकेसारखा प्रश्न तिथे परत जिवंत होऊ शकतो, म्हणून कनेक्शनचं कॅरेक्टर सेट लायब्ररीच्या सेटिंगमधूनच सांगायचं, नंतर क्वेरी पाठवून नाही.

त्या सहकाऱ्याला मी हे सगळं काल फोनवर सांगितलं. ती ओळ राहिली आहे. त्याने टेस्टच्या फाइलमध्ये चौथी ओळ घातली, बिनशेऱ्याची, आणि क्लिअर बाइंडिंग्ज व बाइंड नल दोन्ही काढून टेस्ट चालवून पाहिली. लाल आली. मग पोस्टग्रेसच्या टेस्टमध्ये प्रत्येक क्वेरी एकाच कनेक्शनवर सहा वेळा चालवायचं त्याने स्वतःहून घातलं, त्या मोठ्या गेटवेच्या क्रमांकासकट.