पाचशे शब्दांत बिल्डिंग बसवताना

परवा एका ज्युनिअरचा मेसेज आला, ताई आर्किटेक्चरवरच्या लिखाणाच्या फेलोशिपचं प्रपोजल मेल केलंय, प्लीज बघशील का, डेडलाईन उद्या रात्रीची आहे. (आर्किटेक्चरवाल्याची डेडलाईन नेहमी उद्याच असते, त्यामुळे त्याला काही बोलले नाही.) उघडलं तर पहिलंच वाक्य, 'वास्तुकला म्हणजे माणूस आणि अवकाश यांच्यातला संवाद'. फिस्सकन हसूच आलं, कारण थर्ड इयरला मी जे प्रपोजल पाठवलेलं त्यातही सेम हेच होतं, फक्त 'संवाद'च्या जागी मी 'नातं' लिहिलेलं. तिकडून एक छापील रिग्रेट आलं आणि विषय संपला.

आता कळतं की चूक कुठे होती. आपल्याला लिहायला लावतात कधी, तर ड्रॉइंगच्या शीट्स झाल्या, कॉम्प्युटरवरची चित्रं म्हणजे रेंडर निघाले, मॉडेलचा फेविकॉल वाळला की मग शीटच्या कोपऱ्यात जी जागा उरते तिथे 'कन्सेप्ट' म्हणून सहा ओळी. म्हणजे डिझाईन आधी आणि शब्द नंतर, तेही ज्युरीला, म्हणजे परीक्षकांना दाखवण्यापुरते. मग लिखाणाची फेलोशिप समोर आली की आपण तोच कोपरा मोठा करून पाठवतो.

डिझाईन फेलोशिपला पोर्टफोलिओ तरी सांभाळून घेतो. लिखाणात लपायला जागा नसते. बर्कली प्राईझचंच घ्या, १९९८ मध्ये सुरू झालेलं, जगभरातल्या अंडरग्रॅज्युएट आर्किटेक्चर विद्यार्थ्यांसाठी, विषय कायम आर्किटेक्चरच्या सामाजिक बाजूचा. तिथे दरवर्षी एक प्रश्न द्यायचे, त्याला आधी ५०० शब्दांचं प्रपोजल, त्यातून निवडलेल्यांनी २५०० शब्दांचा निबंध लिहायचा आणि पुढे त्याच मुलांना ट्रॅव्हल फेलोशिपसाठी अर्ज करता यायचा. म्हणजे आधी नीट लिहून दाखव मग फिरायला जा. मला हा क्रम भारी वाटतो, कारण फिरून आल्यावर फोटो सगळेच दाखवतात.

असो, तर ज्युनिअरचं प्रपोजल. विषय होता सार्वजनिक वाचनालय आणि व्हीलचेअर वापरणारे लोक. पहिले दोन पॅरा नुसते ढग. तिसऱ्यात मध्येच एक वाक्य, की रॅम्प आहे पण वर पोचल्यावर दार बाहेरच्या बाजूला उघडतं. मी लगेच फोन लावला, म्हटलं हे काय आहे नीट सांग. तर म्हणाला अगं ताई रॅम्प संपतो तिथलं लँडिंग, म्हणजे सपाट जागा, जेमतेम तीन फुटांचं, दाराची फळी पण तेवढीच, म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाने दार ओढलं की ते अख्खं लँडिंग खातं आणि त्याला मागे उतारावर सरकावं लागतं, एका हातात दार, दुसऱ्या हाताने चाक धरून. मी अर्धा तास तिथे उभा होतो, दोन जण येऊन कुणीतरी दार उघडेपर्यंत खालीच थांबले. अरे मग हे लिही ना बाबा! प्लॅनमध्ये रॅम्प आहे, नियमाची टिकमार्क झाली, आणि तरी माणूस बाहेर. यात तुझा प्रश्न, टीका, डिझाईन सगळंच आलं. क्रिटिकल रायटिंग म्हणून आपण जे घाबरतो ना, ते निम्मं तर असं मोजायची टेप घेऊन उभं राहणंच आहे.

आणि फेलोशिपचा पैसा मुळात असतो तो यासाठी, की उभं राहायला वेळ मिळावा. अमेरिकेतली पत्रकार जेन जेकब्स, तिला १९५८ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनची ग्रँट मिळाली, ती मासिकातल्या नोकरीतून बाजूला झाली आणि १९६१ मध्ये शहरांवरचं तिचं पुस्तक आलं, ज्याने प्लॅनर लोकांची झोप उडवली. आर्किटेक्चरची डिग्री नव्हती तिच्याकडे, फुटपाथ बघायची नजर होती. एडा लुईस हक्स्टेबलही तशीच, १९५०च्या सुमारास फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इटलीत राहून तिथलं आर्किटेक्चर अभ्यासलं, १९५८ ला गुगेनहाइम फेलोशिप, पुढे न्यूयॉर्क टाइम्समध्ये आर्किटेक्चर क्रिटिक आणि १९७० मध्ये समीक्षेसाठीचं पहिलंवहिलं पुलित्झर.

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा फ्रेंच आर्किटेक्ट टोनी गार्निएचा. १८९९ मध्ये त्याला फ्रान्सची प्री द रोम ही शिष्यवृत्ती मिळाली, सरकारी खर्चाने रोमला राहायचं आणि जुने अवशेष मोजून त्यांची ड्रॉइंग्ज पॅरिसला पाठवायची असा सरळ सौदा. हा पठ्ठ्या तिथे बसून एक अख्खं काल्पनिक औद्योगिक शहर काढत बसला, घरं, कारखाने, शाळा, सगळं काँक्रीटचं. पॅरिसची वडीलधारी मंडळी भडकली. शेवटी अवशेषांचं कामही केलं त्याने, पण १९१७ मध्ये छापलं गेलं ते शहर आणि आज आपण हिस्ट्रीच्या पेपरला गार्निए लिहितो ते त्या शहरासाठीच. याचा अर्थ ब्रीफ, म्हणजे नेमून दिलेलं काम, धाब्यावर बसवा असा नाही हां, नाहीतर उद्या कुणीतरी हा ब्लॉग दाखवून माझंच नाव सांगेल.

बाकी अर्जाचं काय, शिफारसपत्र देणाऱ्या सरांना निदान तीन आठवडे आधी गाठा, बजेटमध्ये प्रवासाबरोबर दुभाष्याचा खर्चही धरा, ज्यांच्याशी बोलणार त्यांची परवानगी कशी घेणार ते एका ओळीत लिहा. आणि ज्या बिल्डिंगवर लिहिताय ती चालत जाता येईल अशी निवडा, चार वेळा परत जावं लागतं. दूरच्या फेमस बिल्डिंगवर लिहिलेलं फोटो बघून लिहिलंय हे दुसऱ्या पॅरात कळतं.

रात्री साडेअकराला त्याचं नवीन व्हर्जन आलं. सुरुवात आता अशी, 'या वाचनालयाच्या दारापर्यंत व्हीलचेअर पोचते, आत जात नाही.' ४९६ शब्द. वाचून मीच खुर्चीत सरसावून बसले. मग खाली स्क्रोल केलं तर शेवटच्या ओळीत 'संवाद' परत येऊन बसलेला. ती ओळच खोडली, सेंड म्हटलं, आणि त्याचा रिप्लाय आला, ताई आता ४८७ झाले, गेलेल्या नऊ शब्दांचं काय करू.