अण्णांच्या बुड्या

दिवे घाट चढताना माझ्या पिशवीला बांधलेला मग सारखा खडखडत होता. पांढरा इनॅमलचा, निळ्या काठाचा, दोन ठिकाणी टवके उडालेला. पुढच्या ओळीतल्या मावशींनी दोनदा मागं वळून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "माउली, वाजवायचाच तर तालात तरी वाजवा." अण्णा असते तर त्यांनी खरंच वाजवला असता.

अण्णा म्हणजे माझे वडील. गेल्या माघात गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीत २४ वर्षं काढून नायब सुभेदार म्हणून घरी आले आणि त्यानंतर, शेवटची दोन वर्षं सोडली तर, एक आषाढी चुकवली नाही. यंदा त्यांच्या दिंडीत मी आणि माझी १४ वर्षांची लेक. आळंदीला विणेकरी बाबांनी आम्हा दोघींकडं बघितलं आणि म्हणाले, "दोघी आलात ते बरं केलंत. एकट्या माणसानं ती जागा भरत नाही."

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांब, ३० किलोमीटरच्या वर, आणि वरून एकादशीचा उपास. राहुटीत पोचले तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड. मग मला अण्णांची पायांची परेड आठवली. रोज रात्री हरिपाठ झाला की ते राहुटीत सगळ्यांना पाय पुढं करून ओळीनं बसवायचे आणि बॅटरी मारत फिरायचे. फोडातून सुईदोरा ओवायचा, दोरा आत तसाच ठेवायचा म्हणजे पाणी निघून जातं. ओवता ओवता प्रत्येक फोडाला गावाचं नाव. "हा बघा बेळगाव. हे शेजारी निपाणी. आणि टाचेवर? अरे बापरे, ही तर दिल्ली!" ज्याच्या पायाला दिल्ली निघाली त्याला दुसऱ्या दिवशी सामानाच्या ट्रकमध्ये बसायची परवानगी. माणसं फोड दाखवायला भांडायची. माझा फोड यंदा लेकीनं फोडला. सुई लागली म्हणून मी ओरडले, तर म्हणते, "गप बस, कोल्हापूरच आहे."

तिला ते "कंपनी कमांडर" म्हणायचे. ती चार वर्षांची असल्यापासून अंगणात दोघांची कवायत चालायची. ती ऑर्डर द्यायची, ते मुद्दाम डाव्याच्या जागी उजवीकडं वळायचे, मग ती त्यांना शिक्षा करायची. शिक्षा म्हणजे एक लिमलेटची गोळी तिला द्यायची. म्हणजे चुका करायच्या आजोबांनी आणि गोळ्या खायच्या नातीनं. हा व्यवहार कित्येक वर्षं बिनबोभाट चालला. आपला फौजी नंबरही त्यांनी तिला अंगाईसारखा चाल लावून शिकवला होता. शेवटी जोरात "साब!"

माळ त्यांनी उशिरा घातली. त्याआधी महिन्याचा कँटीनचा कोटा आला की ओटा मित्रांनी भरलेला असायचा. माळ घातली आणि ओटा निम्मा रिकामा झाला. "पांडुरंगानं पहिलं काम काय केलं असेल, तर खरे मित्र मोजून दाखवले," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे. आई मात्र त्या विनोदाला कधी हसली नाही. तिला त्या बाटल्यांचा राग होता आणि तो रास्त होता, हेही इथं लिहून ठेवते. गेलेल्या माणसाचं सगळंच गोड नसतं.

वारीत त्यांना सगळ्यात काय आवडायचं, तर शिस्त. पालखी सोहळ्याची घडी हैबतबाबा आरफळकरांनी बसवली आणि ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेतले, हे अण्णा दर वर्षी नवीन माणसाला गाठून सांगायचे. "बघा, शेवटी शिपायालाच बोलवावं लागलं." समाजआरतीला तर ते अगदी सावधानमध्ये उभे राहायचे. तळावर मधोमध पालखी, भोवती दिंड्या, टाळांचा कल्लोळ, आणि चोपदारांनी चोप उंच करून पुकारा केला की एका क्षणात हजारो माणसं गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिकडं जाऊन तिचं म्हणणं ऐकतात. एका वर्षी अण्णांनी पिठल्यात मीठ नाही म्हणून टाळ चालू ठेवायचा घाट घातला होता. विणेकरी बाबांनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले होते म्हणे.

फौजेतल्या त्यांच्या गोष्टी शेकड्यानं. लंगरमधल्या जळलेल्या पुऱ्या, रात्री पहाऱ्यावर गाढवाला दिलेलं "थम, कौन आता है?" लढाईची गोष्ट मात्र नाही. १९७१ च्या डिसेंबरात ते जंगी पलटणीबरोबर, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनबरोबर, जमालपूरला होते, आता बांगलादेशात आहे ते. रात्रीतून नदी ओलांडून गेले होते. मी शाळेत असताना निबंधासाठी खोदून विचारलं, तर म्हणाले, "पाणी लई गार होतं. लिही." मी लिहिलं. बाईंनी लाल शाईत विचारलं, पुढे काय झालं?

वाल्ह्याहून आम्ही नीरेला आलो. इथं दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात जाते. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही जरा खालच्या अंगाला गेलो. अण्णांची नीरेतली आंघोळ म्हणजे तमाशा असायचा. बुडी मारायची, वर यायचं, तोंडातून पाण्याची पिचकारी सोडायची आणि हाक मारायची, "ए लंब्या!" परत बुडी. "ए ढेप्या!" परत. "ए मास्तर!" अशा नऊ बुड्या. मी एकदा लेकीला घेऊन त्यांना नीरेवर भेटायला गेले होते, तेव्हा काठावरची पोरं हसून हसून लोळत होती आणि ही सगळ्यात जास्त.

तेच सांगून मी आणि लेक हसत होतो. शेजारी दिंडीतले एक काका धोतर पिळत होते. अण्णांच्या बरोबरीनं पंधरा-वीस वाऱ्या केलेला माणूस. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, ती माणसं होती."

"कोण?"

"त्यांच्या पलटणीतली. त्या नदीवरची. परत न आलेली. मला एकदाच बोलले. म्हणाले, त्यांना गार पाण्याची हौस राहिली नाही, म्हणून मी हसवत बोलावतो." काकांनी धोतर झटकलं आणि खांद्यावर टाकून वर निघून गेले.

मी पाण्यात उतरले. नऊ नावं मला आठवेनात. लंब्या, ढेप्या, मास्तर. चौथं लेकीनं काठावरून सांगितलं, "गवळी! गवळी होता एक." बाकीची पाच कुणालाच येत नव्हती. त्या पाच बुड्या मी नुसत्याच मारल्या. बाहेर आले तेव्हा दात वाजत होते. आषाढातलं पाणी ते, डिसेंबरातलं नव्हे.

या सगळ्यात अण्णांचा मग काठावरच राहिला. लोणंदच्या तळावर पिशवी सोडली तेव्हा लक्षात आलं. मी काही बोलले नाही, पण लेकीनं माझ्याकडं बघितलं आणि तिलाही कळलं. लाखो माणसांत एक टवके उडालेला मग.

संध्याकाळी समाजआरतीला उभ्या राहिलो. चोप उंच झाला, टाळ थांबले. मग सापडलेल्या वस्तूंची नावं पुकारली जाऊ लागली. एक चष्मा. एक पाकीट. चांदीचं जोडवं. "एक पांढरा मग. बुडाला नंबर खरडलेला आहे."

मला पुढं जायची वाट सापडेपर्यंत लेक माणसांच्या पायांतून सुटली होती. मी पोचले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ मग छातीशी धरून तिला विचारत होते, "तुझा कशावरून? नंबर सांग बघू."

तिनं सांगितला. चालीत, सगळा, शेवटच्या "साब!"सकट. आजूबाजूची माणसं हसायला लागली. गृहस्थांनी मग उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला, बॅटरी मागवली. "थांब थांब. सावकाश सांग, एकेक आकडा."

तिला सावकाश येत नव्हता. अण्णांनी शिकवला तसा एका दमातच येत होता. तिनं परत पहिल्यापासून सुरू केलं.